मोठं चांदीचं नाणं: किती मोजता आणि परत किती मिळतं?

म्हैसूरच्या अशोका रोडवरच्या सराफी पेढ्यांत दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत चांदीच्या नाण्यांना मोठा उठाव असतो. पाच-दहा ग्रॅमची लक्ष्मी-गणपतीची नाणी तर असतातच, पण अलीकडे पन्नास, शंभर, अडीचशे ग्रॅमची, तळहात भरून टाकणारी नाणीही ठेवलेली दिसतात. इन्फोसिसच्या प्रशिक्षणासाठी महिनोन्‌महिने म्हैसुरात राहणारी पुण्या-कोल्हापूरकडची मुलं पहिल्या पगारातून आईसाठी एखादं घेतात. महाराष्ट्रातून सहलीला आलेली मंडळी राजवाडा आणि चामुंडी टेकडी करून झाल्यावर ‘म्हैसूरची आठवण’ म्हणून घेतात. आणि चांदीचे भाव वर जायला लागले की एक प्रश्न हमखास विचारला जातो: सोनं आवाक्यात राहिलं नाही, तर मोठी चांदीची नाणी जमवत गेलं तर पुढे उपयोगी पडतील का?

गुंतवणूक म्हणून बहुतेक नाण्यांत पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चांदी वाईट आहे म्हणून नव्हे. चांदी आणि नाणं यांच्या किमतीत जो फरक असतो तो घेताना आपण भरतो आणि विकताना तो कुणीच परत देत नाही, म्हणून. हा फरक प्रत्येक प्रकारच्या नाण्यात वेगळा असतो, तेव्हा प्रकारवार हिशेब करू. सोयीसाठी चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये, म्हणजे किलोला एक लाख धरला आहे. आजचा भाव वेगळा असेल, तर आकडे त्या पटीत वाढवा. मजुरी आणि घट टक्क्यांत धरली तर टक्केवारी तीच राहते.

सराफाचं नाणं

शंभर ग्रॅमचं ९९९ शुद्धतेचं नाणं घ्या. धातूची किंमत १०,००० रुपये. त्यावर मजुरी लागते. ती दुकानागणिक बदलते, नक्षीकाम किंवा रंगीत मुलामा असेल तर बरीच वाढते. आपण ८ टक्के धरू. झाले १०,८००. त्यावर ३ टक्के जीएसटी, ३२४ रुपये. खिशातून गेले ११,१२४.

दुसऱ्या दिवशी तेच नाणं विकायला गेलात तर सराफ मजुरी आणि कर बाजूला ठेवून फक्त चांदीचा भाव देतो, आणि त्यातूनही घट म्हणून काहीतरी कापतो. ५ टक्के कापले तर हातात ९,५०० येतात. १,६२४ रुपये एका रात्रीत गेले. मुद्दल सुटायलाच चांदीचा भाव सुमारे १७ टक्के चढावा लागतो. नफ्याची गोष्ट त्यानंतरची. नाणं ज्या दुकानातून घेतलं तिथेच विकलं तर कापणी कमी होते, परगावच्या दुकानात ती वाढते. सहलीत म्हैसूरला घेतलेलं नाणं साताऱ्यात विकायला काढणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

एक किलोच्या विटेत मात्र मजुरी नाममात्र असते. १ टक्का मजुरी आणि जीएसटी धरून वीट १,०४,०३० रुपयांना पडेल. विकताना दीड टक्का कापला तर ९८,५०० मिळतील. म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या थोड्या वर भाव गेला की आपण सुटलो. ज्याला फक्त चांदी हवी आहे त्याने नाण्याकडे वळण्याचं कारण नाही. पण किलोभर चांदी एकदम घेणं सगळ्यांना जमत नाही, आणि चांदीला जागाही फार लागते. अशांसाठी चांदीचे ईटीएफ २०२२ पासून बाजारात आहेत. डिमॅट खात्यातून घ्यायचे, वर्षाचा खर्च साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. मजुरी नाही, घट नाही, खरेदीवर ३ टक्के जीएसटी नाही. फक्त बाजार तापलेला असताना युनिटचा भाव आतल्या चांदीच्या किमतीपेक्षा वर जातो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तसं झालं होतं आणि काही फंडांनी नवे एकरकमी पैसे घेणंच थांबवलं होतं. म्हणून घेण्याआधी युनिटचा बाजारभाव आणि त्याचं निव्वळ मूल्य यांची तुलना करावी.

नाण्याची एक बाजू विटेपेक्षा सरस आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार, म्हणजे उशिरात उशिरा १ एप्रिल २०२६ पासून, चांदीचे दागिने आणि नाणी तारण ठेवून कर्ज मिळू शकतं. नाण्यांसाठी मर्यादा माणशी ५०० ग्रॅम आहे. विटेवर असं कर्ज मिळत नाही. अडीनडीला कर्ज काढता यावं एवढाच हेतू असेल, तर साधी, बिननक्षीची नाणी घ्या.

दुकानात तीन गोष्टी लिहून घ्या: शुद्धता, वजन, आणि मजुरीचा आकडा स्वतंत्र. चौथी गोष्ट म्हणजे परत घेताना किती टक्के कापणार. हे तोंडी सांगणारे पुष्कळ असतात, पावतीच्या मागे लिहून द्या म्हटलं की खरा आकडा बाहेर येतो. चांदीचं हॉलमार्किंग अजून ऐच्छिक आहे. २०२५ च्या सप्टेंबरपासून त्यालाही सहा अक्षरी ओळखक्रमांक मिळू लागला आहे. नाण्यावर नुसतं ‘९९९’ कोरलेलं असलं तर तो त्या दुकानाचा शब्द, त्याहून जास्त काही नाही.

सरकारी स्मारक नाणी

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ ची, नाल्वडी कृष्णराज वाडियार यांच्या काळातली. शताब्दीनिमित्त २०१६ साली भारत सरकारने १०० रुपयांचं नाणं काढलं. म्हैसूरशी नातं असलेल्या संग्राहकाला ते हवंसं वाटतं आणि तसं वाटण्यात काही गैर नाही. फक्त आत काय आहे ते बघा. या जातीची नाणी ४४ मिलिमीटर व्यासाची आणि ३५ ग्रॅम वजनाची असतात. त्यात चांदी निम्मी, तांबं ४० टक्के, निकेल आणि जस्त प्रत्येकी ५ टक्के. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम, आपल्या भावाने १,७५० रुपयांची. टांकसाळ अशी नाणी डबीत घालून, ‘प्रूफ’ आणि साधी अशा दोन प्रकारांत, धातूच्या किमतीच्या बरंच वर विकते. समजा ४,००० ला घेतलं, तर चांदी दुप्पट झाल्यावरही आतल्या धातूची किंमत ३,५०० च होते.

आणि तो धातूही काढता येत नाही. ही नाणी दर्शनी १०० रुपयांची असली तरी कायद्याने चलन आहेत, आणि २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणं वितळवणं किंवा तोडणं हा गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद. त्यामुळे या नाण्याला दुसरा संग्राहक हाच एक गिऱ्हाईक. त्याला कोरी डबी, मूळ प्रमाणपत्र आणि एकही बोट न लागलेला पृष्ठभाग हवा असतो.

अलीकडे मात्र फरक पडला आहे. रिझर्व्ह बँकेला ९० वर्षं झाली म्हणून १ एप्रिल २०२४ रोजी जे ९० रुपयांचं नाणं आलं ते ४० ग्रॅम शुद्ध चांदीचं आहे. अशा नाण्यात निदान धातूचा आधार भक्कम आहे. स्मारक नाणं घ्यायचंच तर असं शुद्ध चांदीचं, आणि तेही टांकसाळीच्या नोंदणीतून. दलालाकडून दुप्पट भावाने नको. म्हैसुरात रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा छापखाना आहे, पण तो नोटांचा. नाणी पाडणाऱ्या टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथे आहेत. ‘म्हैसूर टांकसाळीतलं ताजं नाणं’ म्हणून कुणी काही दाखवलं तर तिथेच थांबावं.

१९६९ चं गांधीजींचं १० रुपयांचं नाणं (१५ ग्रॅम, ८० टक्के चांदी) आणि १९७० च्या दशकातली निम्म्या चांदीची १०, २० आणि ५० रुपयांची नाणी अनेक घरांत पडून आहेत. ती सांभाळा, पण त्यांच्यावर लाखोंचे मनोरे बांधू नका; बहुतेक भरपूर पाडली गेली होती.

जुनी नाणी

इथे धातू आणि इतिहास अशा दोन किमती एकाच नाण्यात असतात, आणि कोणती किती हे ओळखता आलं तरच पैसे टिकतात.

आजीच्या डब्यातला राणी छाप किंवा राजा छाप रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा. १९४० च्या आधीच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. आपल्या भावाने १,०६९ रुपये. १९४० ते १९४५ मध्ये युद्धामुळे चांदी निम्म्यावर आली. त्यात जेमतेम ५.८३ ग्रॅम. १९४७ चा तर निकेलचाच. सालावर नजर टाकली की अर्ध्याहून अधिक काम होतं. सर्वसाधारण सालांचे रुपये धातूच्या किमतीच्या थोडेच वर मिळतात. वजन आणि कस सगळ्यांना पाठ असल्याने ते विकायलाही सोपे. म्हणूनच, आकाराने छोटे असले तरी, ‘नाण्यातून चांदी’ जमवायचा हट्ट असेल तर मी शंभर ग्रॅमच्या नक्षीदार नाण्यापेक्षा आठ-नऊ स्वच्छ कलदार रुपये घ्यायला सांगेन.

मोठ्या जुन्या नाण्यांत मुंबई टांकसाळीशी जोडलेली दोन नावं आपल्याकडच्या घरांत अधूनमधून निघतात. एक ब्रिटिश ट्रेड डॉलर, १८९५ पासून पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेला, २६.९५ ग्रॅमचा, ९० टक्के चांदीचा. ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक ‘बी’ असतो. दुसरं ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसाचं, कायम १७८० सालच दाखवणारं, २८ ग्रॅमचं. मुंबईने ते १९४० च्या सुमारास अरबस्तान-आफ्रिकेच्या बाजारांसाठी पाडलं. त्यामुळे १७८० वाचून हुरळून जाऊ नये.

म्हैसूरच्या मातीतलं खरं मोठं नाणं मात्र टिपू सुलतानाचं. म्हैसूरहून पंधरा किलोमीटरवरच्या श्रीरंगपट्टणात, नाण्यावर ‘पटन’ असं नाव असलेल्या टांकसाळीत, त्याने दोन रुपयांचं ‘हैदरी’ पाडलं. वजन तेवीस ग्रॅमच्या आसपास. रुपयाला इमामी, आठ आण्यांना आबिदी, चार आण्यांना बाकिरी अशी त्याच्या नाण्यांची नावं, धर्मपुरुषांवरून ठेवलेली. पुढे त्याने प्रेषितांच्या जन्मापासून मोजलेला ‘मौलुदी’ शक चालू केला आणि त्यातले आकडे उजवीकडून डावीकडे लिहायला लावले. टिपूनंतर गादीवर आलेल्या तिसऱ्या कृष्णराज वाडियारांच्या टांकसाळीने रुपये पाडले. १८३३ मध्ये ती बंगळूरला नेली आणि १८४३ मध्ये बंद झाली. हैदरीएवढं मोठं चांदीचं नाणं या राज्यात पुन्हा झालं नाही. त्यामुळे त्यात धातू सव्वादोन हजारांचा असला तरी अस्सल, ठसठशीत नाण्याला त्याच्या अनेक पट किंमत येते.

आणि नेमकं म्हणूनच त्याची नक्कल फार होते. श्रीरंगपट्टणला किल्ल्याच्या आसपास ‘टिपूचं नाणं, शेतात सापडलं’ म्हणून कुणी हातावर ठेवलं तर घेऊ नका. बनावट असेल तर पैसे गेले. खरंच जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक असतं, आणि ती भानगड तुमच्या गळ्यात येते.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी सांगतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हजाराच्या आत मिळतो. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा आणि आकडा शून्य करा. राणी छाप रुपयाला बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात सोडा, असा की तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवायला हवा. कारण ११.६६ ग्रॅमच्या या मिश्रधातूची घनता १०.३ च्या जवळ आहे. तांबं-निकेलचा नकली रुपया तेवढ्याच वजनाचा असेल तर तो १.३ दाखवतो, आणि हाताला थोडा जाडही लागतो. शंभर ग्रॅमच्या शुद्ध चांदीच्या नाण्याला हाच आकडा साडेनऊच्या आसपास यावा. चांगल्या चांदीतच केलेली नक्कल मात्र या चाचणीत सापडत नाही, तिथे अक्षरांची ठेवण आणि कडेचे दाते पाहणारा जाणकारच लागतो. १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून त्याच्या सालाशी हातचलाखी केलेले नमुने बाजारात पुष्कळ आहेत, ते असे.

म्हणून महागडं जुनं नाणं घ्यायचं तर परवानाधारक लिलावगृहातून घ्या. म्हैसूरला जवळचं म्हणजे बंगळूरचं मरुधर आर्ट्स. मुंबईत टोडीवाला आहे. पुकारलेल्या भावावर लिलावगृहाचं कमिशन आणि कर चढतात, विकताना विक्रेत्याकडूनही कमिशन घेतलं जातं. दोन्ही टक्केवाऱ्या नियमावलीत छापलेल्या असतात, बोली लावण्याआधी त्या वाचून आपला कमाल आकडा ठरवा. अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. पहिलं वर्ष नाणी न घेता पाहण्यात घालवलेला माणूस पुढे कमी फसतो.

शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलीकडे जाताना पणजीचे व्हिक्टोरिया रुपये भेट म्हणून बॅगेत टाकणाऱ्यांनी हे फार मनावर घ्यावं.

आधीच घरात असलेल्या नाण्यांचं

घासू नका. चिंच, रांगोळी, टूथपावडर लावून चकाकवलेलं जुनं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने निम्म्यावर येतं, आणि गेलेली झळाळी कुठल्याच उपायाने परतत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत सिलिका जेलची पुडी सोबत टाका. बँकेचा लॉकर घेतलात तर एवढं ध्यानात ठेवा: आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. चांदीला जागा भरपूर लागते आणि रकमेच्या मानाने भाडं जड जातं. दरसालचा तो खर्चही हिशेबात धरा.

मोडायचंच असेल तर आपल्या माणसांचा उपयोग होतो. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले दक्षिणेतल्या बहुतेक सराफ बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. जुन्या बाजारपेठेच्या गल्लीत भट्टी दिसली की मराठी ऐकू येण्याची शक्यता बरीच. तुटक्या समया, पैंजण, दुकानाने पाडलेली नाणी तिथे मुशीत टाकणखार घालून वितळवतात, टंच काढतात आणि कसाचा आकडा चिठ्ठीवर देतात. ही चिठ्ठी घेऊन दोन सराफांकडे भाव विचारा. ‘जुनी चांदी आहे, वीस टक्के घट जाईल’ असं डोळ्यांनी पाहून सांगणाऱ्याशी मग आकड्यावर बोलता येतं. जुने छाप रुपये मात्र कुणाला दाखवल्याशिवाय मुशीत जाऊ देऊ नका.

भावाबद्दल एवढंच सांगायला हवं. १९८० च्या जानेवारीत जगाच्या बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली आणि मार्चअखेर कोसळली. तो भाव पुन्हा दिसायला २०११ उजाडलं, लगेच पुन्हा घसरण, २०१५ च्या अखेरीस १४ डॉलरच्याही खाली. ५० ची पायरी ओलांडून चांदी पुढे गेली ती २०२५ च्या ऑक्टोबरात. शिखरावर घेतलेल्याने मध्ये पंचेचाळीस वर्षं काढली. रुपया घसरत गेल्याने आपल्याला इतकी झळ लागली नाही, तरी मुलांची फी, घराचा हप्ता अशा ठरल्या तारखेच्या गरजेसाठी चांदीवर विसंबून राहू नये. एकूण बचतीच्या दहा टक्क्यांवर चांदी मी कुणालाच सुचवत नाही.

कराचं शेवटी, कारण विकताना तो आठवतो. २३ जुलै २०२४ पासून नाणी किंवा वीट २४ महिन्यांनंतर विकली तर नफ्यावर साडेबारा टक्के कर, त्याआधी विकली तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. ईटीएफला ही मुदत १२ महिन्यांची. ‘देवघरातली नाणी आहेत, त्यांना कसला कर’ हा समज चुकीचा आहे. धोलपूरच्या महाराजांनी पूजेत वापरलेली सोन्याची नाणी, चांदीचे रुपये आणि चांदीच्या लगडी या वैयक्तिक वापराच्या वस्तू आहेत असं म्हटलं होतं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. वारशाने आलेल्या नाण्यांना मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात, आणि ती १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव धरता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला लागतो. वडील हयात आहेत तोवर एका वहीत प्रत्येक नाण्याचं साल, वजन, कुठून आलं आणि किती पैसे मोजले हे त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि पावत्या त्याच वहीला टाचून ठेवा.